धरण बांधताना आम्ही दिसलो नाही, मासा धरताना बरोबर दिसतो



नाथसागरात जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही. का? तर ते पक्षी अभयारण्य आहे. गौताळ्याच्या डोंगरातल्या तळ्यांवर, ओढ्यांवर मासे-खेकडे धरायचे नाहीत. का? तेही अभयारण्य आहे. पैठण-गंगापूरच्या काठावरच्या भिल्ल वस्त्यांपासून कन्नड-सोयगावच्या डोंगरातल्या भिल्ल, तडवी, ठाकर वस्त्यांपर्यंत बैठकीत एकच प्रश्न येतो. मासा धरणं हा गुन्हा कधीपासून झाला? आणि तो आम्हालाच का लागू होतो?

या अंकात त्याचं उत्तर देतो आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं हे बैठकीत मोठ्यानं वाचावं. कायद्याची कलमं आली तिथं थांबून दोनदा वाचावं. कलम पाठ असलं की अधिकाऱ्यासमोर आवाज बदलतो.

आधी नदी होती

पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. शंभराहून जास्त गावं पाण्याखाली गेली. सातबारा ज्याच्या नावावर होता त्याला काही ना काही मोबदला मिळाला. तो पुरेसा होता की नव्हता, हे भांडण वेगळं. पण ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, जो नदीकाठी झोपडी घालून मासे धरत होता, दुसऱ्याच्या वावरात राबत होता, पांढऱ्या मातीत कलिंगडाचे वेल लावत होता, त्याचं नाव कुठल्या यादीत असणार? भिल्लाचं नाव कागदावर नव्हतं. कागदावर नाव नाही म्हणजे तो बुडालाच नाही, असा सरकारचा हिशेब.

पाणी भरलं. वावर गेलं, कुरण गेलं, जळतण गेलं, नदीची वाळू गेली. राहिलं काय? पाणी. मग आपली माणसं त्या पाण्यावर जगायला लागली. मरळ, वाम, शिंगटा, झिंगे हे नदीचेच होते, ते ओळखीचे होते. रोहू, कटला, मृगळ पुढं सोडले गेले. चिलापी आली आणि पसरली. भाकरीबरोबर कालवण मिळालं, उरलेलं बाजारात गेलं.

दहा वर्षं गेली. १९८६ साली तेच पाणी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. सुमारे ३४० चौरस किलोमीटर. अर्धं इकडं, अर्धं तिकडं, आपला जिल्हा आणि शेजारचा नगर जिल्हा मिळून. त्याच वर्षी कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्यही जाहीर झालं. औट्रम कोण होता ते आपल्या पोरांना सांगा. खानदेशात भिल्लांचे उठाव मोडायला कंपनी सरकारनं १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभी केली, ती उभी करणारा हा साहेब. साहेबाचं नाव घाटाला आणि अभयारण्याला मिळालं. ज्यांचा डोंगर होता त्यांना मिळाली प्रवेशबंदी.

आम्ही विचारतो, अभयारण्य करताना तुमच्या गावात कुणी विचारायला आलं होतं का? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. हा प्रश्न आम्ही रागानं विचारत नाही, कायद्यानं विचारतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच लिहिलेलं आहे की अभयारण्य करायचं ठरलं की कलेक्टरनं तिथल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करायची (कलम १९), स्थानिक भाषेत जाहीरनामा काढायचा (कलम २१), दावे ऐकायचे आणि निर्णय द्यायचा. कलम २४ तर असं सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून कलेक्टर लोकांचा एखादा हक्क अभयारण्यात चालू ठेवू शकतो. म्हणजे बंदी घालायची ताकद ज्या कायद्यात आहे, हक्क चालू ठेवायची वाटही त्याच कायद्यात आहे. आपल्याला फक्त बंदीचं पान वाचून दाखवलं जातं.

अभयारण्य म्हणता ना? मग पुढचं पानही वाचा

आता मुद्द्याची गोष्ट. ही नीट कान देऊन ऐका, कारण सगळी लढाई यावर उभी आहे.

आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. शेजारच्या जळगाव, नाशिक, नगर आणि पलीकडच्या नांदेड जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, आपल्याकडं नाही. म्हणून इथं पेसा कायदा लागत नाही. हे कारण सांगून आपल्याला किती वेळा परत पाठवलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. ‘तुमच्याकडं आदिवासी कायदा नाही.’ खोटं आहे हे. पेसा नसेल, पण २००६चा वनहक्क कायदा जिल्हा बघत नाही, जमीन बघतो. जिथं वनजमीन आहे तिथं तो आहे.

आणि वनजमीन म्हणजे काय? कायद्याच्या कलम २(घ) मध्ये व्याख्या आहे. राखीव वन, संरक्षित वन, अवर्गीकृत वन, आणि त्यात स्पष्ट शब्दांत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. म्हणजे नाथसागराचं पाणी ज्या दिवशी सरकारनं अभयारण्य केलं, त्या दिवशी त्यानं स्वतःच ते वनहक्क कायद्याच्या घरात आणून ठेवलं. आपल्याला दाखवताना अभयारण्य आणि हक्क मागताना ‘हे तर पाटबंधाऱ्याचं पाणी आहे, इथं कसला वनहक्क?’ असं चालणार नाही. दोन्हीपैकी एक सांगा. अभयारण्य नसेल तर बंदी उठवा. अभयारण्य असेल तर हक्क द्या.

आता कलम ३(१)(घ) बघा. सामूहिक हक्कांच्या यादीत पहिलाच शब्द आहे मासे. पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पन्न, चराई, भटक्या-पशुपालक लोकांचा हंगामी वापर. दिल्लीच्या लोकसभेनं हा शब्द लिहिला आहे. कुणा पुढाऱ्याची ही मेहेरबानी नव्हे.

इथं एक अधिकारी हुशारी करतो, तीही ऐकून ठेवा. तो म्हणतो, ‘कायद्यात शिकारीचा हक्क दिलेला नाही, मासा हा वन्यजीव आहे, म्हणून मासा धरणं शिकार.’ खरं आहे, कलम ३(१)(ठ) मध्ये शिकार वगळलेली आहे. पण ते कलम बाकीच्या, न लिहिलेल्या पारंपरिक हक्कांबद्दल आहे. मासा तर (घ) मध्ये नाव घेऊन लिहिला आहे. एका कलमात हातानं दिलेलं दुसऱ्या कलमानं परत घेतलं जात नाही. तसं असतं तर ‘मासे’ हा शब्द लिहायची गरजच काय होती?

दुसरा अधिकारी म्हणतो, ‘तुम्ही पाण्यात राहत नाही, अभयारण्याच्या बाहेर राहता.’ घर जंगलाच्या आत नसलं तरी पोट त्यावर असलं की हक्क बसतो, हे केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे. तिसरा म्हणतो, ‘धरण १९७६चं, तुमची परंपरा कुठली?’ परंपरा धरणाची नाही, गोदावरीची आहे. आदिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा वापर दाखवायचा आहे. आपले शेजारी भोई, कहार हे अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं दाखवावी लागतात. १९३० सालापासून. १९३० मध्ये धरण नव्हतं, पण नदी होती आणि नदीवर त्यांचे आजे-पणजे होते. ज्यांचं कामच पाण्यावरचं, त्यांना पाण्याची परंपरा विचारायची?

आणि कलम ४(५) विसरू नका. हक्कांची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. हे कलम जमिनीबद्दल बोलतं हे खरं. पण हक्क तपासायच्या आधीच हक्कावर बंदी, हे त्या कायद्याच्या पोटात बसत नाही, असं आम्ही ठासून सांगतो.

शौक कुणाचा आणि पोट कुणाचं

आता एक नवीन बोलणं ऐकू येतं. ‘जाळ्याचं सोडा, पण गळ टाकून बसणं हा तर शौक आहे. वेळ घालवायला तुम्ही बसता. शौकासाठी अभयारण्य कशाला मोडायचं?’

आधी पोटाचं बोलू. गळाला लागलेली एक मरळ म्हणजे एका घराचं संध्याकाळचं कालवण. आपल्या मजुराच्या घरात डाळ रोज शिजत नाही. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा देतात, कारण मरळीत काटे कमी आणि ती अंगाला लागते. अंगणवाडीच्या तक्त्यावर लेकराचं वजन कमी दिसलं की सगळे काळजी करतात. त्याच लेकराच्या बापाच्या हातातला गळ काढून घेताना ती काळजी कुठं जाते?

वनहक्क कायद्याच्या २०१२च्या सुधारित नियमांत ‘खऱ्याखुऱ्या उपजीविकेच्या गरजा’ म्हणजे काय ते लिहिलं आहे. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजा, आणि उरलेल्या मालाची विक्रीसुद्धा. म्हणजे घरी खाल्लेला मासाही हक्काचा, बिडकीनच्या बाजारात विकलेला मासाही हक्काचा.

आणि आता शौकाचं. हो, आम्हाला गळ टाकायला आवडतं. शाळा सुटल्यावर पोरं काठावर जातात, गांडूळ लावतात, दोरा हलला की ओरडतात. म्हातारा माणूस, ज्याच्यानं आता ऊसतोडीला जाववत नाही, तो गळ टाकून बसतो आणि त्याला वाटतं की आपण अजून घराला काही देतो. बाया ओढ्यात खेकडे धरतात तेव्हा हसतात, एकमेकींना भिजवतात. हा आनंद आहे. आदिवासीला आनंद असू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलं आहे? शहरातला माणूस पैसे मोजून तळ्याकाठी तंबूत राहतो, त्याला पर्यटन म्हणतात. त्याच काठावर आपला पोरगा दोरा घेऊन बसला की तो घुसखोर. आमच्यात पोट आणि हौस वेगळी नसते. पेरणी करताना गाणं म्हटलं म्हणून पेरणी शौक होत नाही.

पक्ष्यांचं काय?

हा प्रश्न आपण टाळायचा नाही. आपल्याला पक्षी नको आहेत असं जो सांगतो तो आपली बदनामी करतो.

नाथसागर बशीसारखा पसरट आणि उथळ आहे. म्हणून काठाला दलदल होते, शेवाळ येतं, आणि हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात. हिमालयावरून येणारा पट्टकादंब येतो, तलवार बदक येतं, रोहित येतात. रोहित चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव चोचीनं गाळून खातो. पट्टकादंब गवत आणि दाणे चरतो. त्यांचं आणि आपल्या मरळीचं भांडण नाही. पाणकावळा, बगळा, चित्रबलाक हे मासे खातात, पण गळाला जो एक-दोन किलोचा मासा लागतो तो त्यांच्या चोचीचा नाही.

नुकसान कशानं होतं ते आपण आधी सांगू. बारीक डोळ्याचं मच्छरदाणीसारखं जाळं बोटाएवढी पिल्लं उचलतं, पुढच्या वर्षीचा मासा यंदाच मारतं. पाण्यात सोडून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात बुडी मारणारा पक्षी अडकून मरतो. विष, सुरुंग, विजेचा करंट यांनी सगळंच मरतं. हे करणाऱ्याला आपण आपला म्हणत नाही, मग तो कुणाच्याही जातीचा असो. यावर बंदी घाला, आम्ही तुमच्याबरोबर पहाऱ्याला उभे राहू.

पण सरसकट बंदीनं काय होतं? दिवसा उजेडात गळ टाकणारा घरी बसतो आणि रात्री चोरून बारीक जाळं टाकणारा राहतो. ज्याच्या मागं पैसेवाला उभा आहे तो दंड भरतो, गाडीत माल भरून नेतो. ज्याच्याकडं दंडाचे पैसे नाहीत तो सापडतो. काठावर हक्काचा माणूस असला तर चोराला बघणारे डोळे असतात. हक्काचा माणूस हाकलला की काठ चोराचा.

आणि पाणीच आटलं तर पक्षी कुठं बसणार? वरून येणारं गोदावरीचं पाणी कसं येतं, किती घाण घेऊन येतं, कुणाच्या वाट्याला किती जातं, यावर नगर-नाशिक आणि मराठवाड्याचं भांडण दरवर्षी पेटतं. २०१६च्या दुष्काळात माणसं टँकरच्या रांगेत उभी होती आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी कमी करा, असा हुकूम औरंगाबादच्या हायकोर्टाला द्यावा लागला. पक्ष्याचं पाणी पळवणारा गळ टाकणारा भिल्ल नव्हता.

आम्हाला कायदा, त्यांना सवलत

२०१७ मध्ये केंद्र सरकारनं या अभयारण्याभोवतीचा पट्टा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. ऐकायला बरं वाटतं. वाटतं, आता इथं कुणी काही मोडणार नाही. मग याच पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प आणायचं ठरलं. पाण्यावर पत्रे अंथरल्यासारखे सौर पॅनल.

पाण्यावर जगणाऱ्यांनी विचारलं, मग आम्ही मासे कुठं धरायचे आणि पक्षी कुठं उतरायचे? कहार समाज पंच कमिटी हरित न्यायाधिकरणात गेली. २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं अर्ज फेटाळला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५ मध्ये तिथंही फेटाळला गेला. हा प्रकार त्या क्षेत्रात मनाई असलेल्या कामांत येत नाही, असं सरकारचं म्हणणं. प्रत्येक प्रकल्पाला विरोध केला तर देश पुढं कसा जाणार, असा सवालही तिथं विचारला गेला.

न्यायालयाचा निकाल आहे, आम्ही तो वाचला. सूर्याची वीज वाईट असते असंही आम्ही म्हणत नाही. आमच्या वस्तीतच अजून वीज धड येत नाही, विजेची किंमत आम्हाला कळते. पण सरळ प्रश्न आहे. पाण्यावर पॅनल तरंगले तर अभयारण्याला धक्का नाही, आणि पाण्यात दोरा सोडला तर धक्का? पॅनल पसरवायला कागद मिळतो, गळ टाकायला का मिळत नाही? पक्ष्यांचीच काळजी असती तर मोजपट्टी दोघांना एकच लागली असती. मोजपट्टी दोन आहेत म्हणून आम्ही म्हणतो की पक्षी हे निमित्त आहे. पाणी आधी गरिबाच्या हातातून काढायचं, मग ज्याला द्यायचं त्याला द्यायचं.

ज्या एकनाथांच्या नावानं या सागराला नाथसागर म्हणतात, त्यांची गोष्ट पैठणचं लहान पोरही सांगतं. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड होती. वाटेत वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं, नाथांनी ती कावड गाढवाच्या तोंडात रिकामी केली. देवाचं पाणी तहानलेल्याला दिलं. त्यांच्या नावाच्या पाण्यावर आज भुकेल्याला मासा धरायला बंदी आहे. नाव ठेवणाऱ्यांनी गोष्टही लक्षात ठेवायची होती.

दुसरीकडं लोकांनी काय केलं

हे भांडण आपलं एकट्याचं नाही. नागपूरच्या वर पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण आहे, निम्मं पाणी महाराष्ट्राचं, निम्मं मध्य प्रदेशचं, भोवती राष्ट्रीय उद्यान. धरणानं उठवलेल्या ३०५ आदिवासींना मध्य प्रदेश सरकारनं मासेमारीचे परवाने दिले. ते रद्द करा म्हणून एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ मध्ये न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत. जंगल तर राखायचंच, पण तिथल्या आदिवासीच्या पोटाचाही विचार करावाच लागेल, अशी भूमिका घेऊन न्यायालयानं अटी घातल्या. फोटोचं ओळखपत्र, जाण्या-यायची ठरलेली वाट, बेटांवर जायचं नाही, आग पेटवायची नाही. म्हणजे राष्ट्रीय उद्यानातसुद्धा अटी घालून मासेमारी होऊ शकते. नाथसागर तर अभयारण्य आहे.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातल्या तवा धरणाचं. तिथल्या बुडीत गावांच्या आदिवासींनी किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यातून तवा मत्स्य संघ उभा केला आणि १९९६ च्या अखेरीस धरणातल्या मासेमारीचा ठेका स्वतःकडं मिळवला. ठेकेदार गेला. सोसायट्या लोकांच्या, मोजमाप लोकांचं, मासे वितात त्या दिवसांत मासेमारी बंद ठेवायची शिस्तही लोकांची. दहा वर्षं त्यांनी ते चालवून दाखवलं. पुढं वाघांच्या राखीव क्षेत्राचं कारण देऊन ठेका नवा केला गेला नाही. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, आदिवासी धरण सांभाळू शकतो. दुसरी, ठेका हा सरकारच्या मर्जीचा कागद असतो, हक्क हा कायद्याचा कागद असतो. म्हणून आपण ठेका मागत नाही, परवाना मागत नाही. आपण हक्काची मान्यता मागतो.

आपले नियम आपण करू

हक्क मागणाऱ्यानं राखणही करायची असते. वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाण्याचे उगम राखायचा अधिकार दिला आहे. नियमांप्रमाणे ग्रामसभा त्यासाठी समिती नेमू शकते. हे काम आपण सरकारच्या आधी सुरू करायचं.

नवीन काही शिकायला नको. मरळ पावसाळ्यात काठाच्या गवतात अंडी घालते, नर-मादी दोघं राखण करतात. पिल्लं फुटली की लालसर थवा पाण्यावर दिसतो आणि खाली आई-बाप फिरत असतात. जवळ येईल त्यावर ते झडप घालतात, म्हणून त्या दिवसांत मरळ गळाला सहज लागते. सहज लागते म्हणूनच तेव्हा गळ लावायचा नाही. एक मरळ घेतली तर अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. म्हाताऱ्या माणसांना हे माहीत आहे, नव्या पोरांना सांगायला हवं. रोहू-कटला थांबलेल्या पाण्यात विणत नाहीत, पुराच्या वाहत्या पाण्याला वर चढतात. त्या तोंडाशी जाळं लावून वाट अडवायची नाही.

आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गावानं त्यात भर घालावी, बदल करावा:

१. पुराच्या पाण्यात नदी-ओढ्याच्या तोंडाशी जाळं नाही. पिल्लांचा थवा दिसला तिथं गळ नाही.
२. बोटाएवढा मासा अडकेल असं बारीक जाळं गावात ठेवायचं नाही. विष, सुरुंग, करंट वापरणाऱ्याला ग्रामसभेपुढं आणायचं.
३. पक्ष्यांच्या रात्रीच्या बसायच्या आणि घरट्यांच्या जागा प्रत्येक गावानं दाखवून द्यायच्या. तिथं मासेमारी नाही.
४. तुटकं जाळं, थर्माकोल, प्लॅस्टिक पाण्यात टाकायचं नाही.

हे नियम ठराव करून लिहून ठेवा. उद्या कुणी म्हणेल की हे लोक नियम पाळत नाहीत, तेव्हा आपला कागद त्याच्यापुढं ठेवता येईल.

आता करायचं काय

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचाच. वनहक्कासाठीच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया लागतात. खेकडे-झिंगे धरायचं काम बायांचं, तर ठरावात त्यांचं म्हणणं आधी लिहा. वनहक्क समिती नसेल तर नेमा. असून झोपली असेल तर उठवा.

सामूहिक हक्काच्या दाव्यात पाणवठ्यांची नावं लिहा. डोह, ओढा, तळं, धरणाचा कोपरा, लोक ज्या नावानं ओळखतात तेच नाव. हाती नकाशा काढा. पुरावा किमान दोन प्रकारचा लागतो. नियमात मासेमारीच्या जागा हा सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून नावानं दिला आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. जुनी गॅझेटिअर, जनगणनेचे कागद, मासेमारी सोसायटीची पावती, जप्तीचा पंचनामासुद्धा जोडा. तुम्हाला मासे धरताना पकडलं होतं, म्हणजे तुम्ही मासे धरत होता, हे त्यांनीच लिहून दिलेलं आहे. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. दावा ग्रामसभेकडून प्रांताच्या समितीकडं, तिथून कलेक्टरांच्या जिल्हा समितीकडं जातो. फेटाळला तर कारण लेखी मागा. साठ दिवसांत अपील करता येतं.

गौताळ्याच्या बाजूच्या गावांनी असं समजू नये की हा नाथसागरवाल्यांचा प्रश्न आहे. तुमच्या ओढ्यातला खेकडा आणि त्यांच्या धरणातली मरळ एकाच कलमात आहेत. भिल्ल, ठाकर, तडवी, भोई, कहार, कोळी असं वेगवेगळं बसलो तर प्रत्येकाला वेगळं परत पाठवतील.

आमच्या मागण्या:

१. नाथसागर आणि गौताळा या दोन्ही अभयारण्यांत मासेमारीच्या सामूहिक हक्कांचे दावे मागवा आणि कायद्याप्रमाणे निकाली काढा.
२. दावे निकाली निघेपर्यंत गळ, हातजाळी आणि घरच्या कालवणापुरत्या मासेमारीवर गुन्हे दाखल करू नका. जप्त केलेली साधनं परत करा.
३. अभयारण्य जाहीर करताना कलम १९ ते २४ प्रमाणे हक्कांची चौकशी झाली असेल तर तिचे कागद गावोगाव दाखवा. झाली नसेल तर तसं लिहून द्या.
४. पाण्यावर येणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाच्या आधी काठावरच्या ग्रामसभांना विचारा.
५. विष, सुरुंग, बारीक जाळं आणि त्यामागचे पैसेवाले यांच्यावर कारवाई करा. त्या कामात ग्रामसभांना सोबत घ्या.

जमीन घेतली तेव्हा म्हणाले, देशाला पाणी पाहिजे. पाणी घेतलं तेव्हा म्हणाले, पक्ष्याला जागा पाहिजे. आता पाण्याचा वरचा थरही घेतात आणि म्हणतात, देशाला वीज पाहिजे. देश म्हणजे आम्हीही आहोत. आम्हालाही जेवायला लागतं.

गळ हातात ठेवा, कायदा तोंडपाठ ठेवा, ठराव लिहून ठेवा.

जल, जंगल, जमीन, आणि पाण्यातला मासा, ग्रामसभेचा!
जोहार! जिंदाबाद!